लाल ठिपक्याची पेडलं

जुनी पेडलं जमवायला लागलं की कपाट भरतं, हे कुणीही सांगेल. त्यांच्याबरोबर येणारे किस्से कुठं ठेवायचे, ते मात्र कुणी सांगत नाही. माझ्याकडं पेडलं एकोणीस आहेत. किस्से मोजायचं मी सोडून दिलंय. बायको म्हणते, "पेडलांवर बोटभर धूळ बसलीया, किश्श्यांवर कशी बसत न्हाय? आला पावणा की सुरू!" म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. तिच्या डोक्याचा ताप तरी कमी होईल.

पेडल म्हणजे सायकलचं नव्हे हं. कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत मी कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, तपासायचं काम करतो. तिथं नवीन लागलो तेव्हा एकानं विचारलं होतं, "सायकलचं दुकान हाय व्हय तुमचं?" त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. इलेक्ट्रिक गिटार आणि स्पीकर यांच्या मध्ये एक लोखंडी डबी लावतात. ती पायानं दाबायची, की आवाज बदलतो. फझ नावाची डबी आवाज फाडते, इको नावाची डबी वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवते. आम्हाला वेड लागलं ते तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या डब्यांचं. का, ते विचारू नका. आजवर बायकोला पटेल असं उत्तर सापडलेलं नाही.

आम्ही चौघं. मी सुभाष, पूर्वी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. दुसरा पक्या, म्हशीवाला. तिसरे इचलकरंजीचे रफिकभाई. आणि चौथे मल्लूअण्णा. कळंब्याला तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं एका शटरचं दुकान होतं, ॲम्प्लिफायर आणि पेडल दुरुस्तीचं. दर रविवारी सकाळी आमचा अड्डा तिथं. मूळचे सीमेकडचे, घरात कानडी. आमच्यात सगळ्यांत मोठे, आणि खरं सांगायचं तर शहाणे तेवढे एकटेच.

* * *

सुरुवात पक्यापासून करतो, कारण ह्यावर पावणं हसतात आणि पुढचं ऐकायला थांबतात.

पक्याच्या घरी बारा म्हशी आणि पेडलं तीसच्या वर. गिटार? एक सूर वाजवता येत नाही! घेतो, पुसतो, ठेवतो. गोव्यातल्या एका म्हाताऱ्या वादकाच्या मागं लागून लागून ह्यानं एक जपानी पेडल मिळवलं. जाड लोखंड, वजनाला दगड. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं, आणि आठ दिवसांनी बघतो तर फळी रिकामी.

सगळं घर उलटंपालटं केलं. शेवटी सापडलं मोरीपाशी. आईनं फडक्यात चक्का बांधून दोन ताटांच्या मध्ये ठेवला होता, आणि वर दाबायला पेडल!

"आई, जपानचं हाय ते!" पक्या किंचाळला.

"असू दे की. वजन बेस हाय त्येचं. वरवंटा कलंडतोय, हे जाग्यावर बसतंय."

"अगं आवाज येतोय त्यातनं!"

"तू आणल्यापास्नं कधी आला रं?"

पक्या तसाच ते पेडल घेऊन कळंब्याला आला. अण्णांनी उघडून वास घेतला. स्पिरिटनं सगळं धुतलं, पंख्यासमोर वाळवलं, दोन तारा नव्यानं जोडल्या. मग मागच्या पत्र्यावर आतल्या बाजूनं पेन्सिलीनं लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं : "बिघाड : श्रीखंड."

* * *

आता ही पेन्सिलीची भानगड सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अण्णांची एक रीत होती. दुरुस्ती झाली की पेडलच्या मागच्या पत्र्यावर, आतून, पेन्सिलीनं दोन ओळी लिहायच्या. पहिला शब्द ठरलेला : बिघाड. मग काय बिघडलं होतं ते, आणि वाटलं तर आणखी काहीतरी. मग स्क्रू आवळायचे आणि एका स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचा. ठिपका म्हणजे अण्णांनी बंद केलंय, आता कुणी उघडायचं नाही. तुटलेला ठिपका दिसला तर अण्णा ते पेडल परत हातात घ्यायचे नाहीत. "ज्यानं उघडलं त्येच्याकडं न्या पावणं, चहा तेवढा घेऊन जावा." मिरजेचा एक वादक रडकुंडीला आला होता, पण नाही म्हणजे नाही. त्यामुळं आमच्या पेडलांच्या पोटात काय लिहिलंय, ते आम्ही कधी बघितलं नाही. अण्णा स्वतः उघडतील तेव्हाच दिसायचं.

नेलपॉलिश आणायच्या अक्का, म्हणजे अण्णांची बायको. जन्मात नखं रंगवली नाहीत त्या बाईनं! पण बांगडीवाल्याकडं गेल्या की लाल बाटली घेणारच. तो एकदा म्हणाला, "अक्का, एक डाव हात दावा की, कसं दिसतंय बघू." अक्का म्हणाल्या, "हाताला न्हवं बाबा, मालकाच्या डब्यास्नी लावतो."

आणखी एक. एका ऑर्केस्ट्रावाल्यानं कार्यक्रमाला दांडी मारली आणि अण्णांच्याकडं आला. म्हणाला, "आत जरा मोठा बिघाड लिवा की, अण्णा. उघडून दाखवतो त्यांना, म्हणजे सुटतो मी." अण्णांनी चष्म्यावरनं बघितलं. "भाईर काय बोलायचं ते बोल. मी बी बोलतो पायजे तर. पर आत खोटं लिवत न्हाय मी."

आणि माझाच किस्सा. बेळगावच्या एका बँडवाल्याकडून मी एक काळं फझ पेडल आणलं. काय मिळवलंय बघा, म्हणून छाती काढून अण्णांच्या पुढं ठेवलं. अण्णांनी उलटं केलं तर मागं लाल ठिपका! म्हणजे आधी इथं येऊन गेलेलं. नखानं ठिपका खरवडला, उघडलं आणि माझ्या हातात दिलं. आत लिहिलेलं : "बिघाड : वायर तुटली. मालकानं लाथ घातली. मालक तापट आहे."

"कोण हो ह्यो येडा मालक?" मी विचारलं.

"तूच की," अण्णा म्हणाले.

लग्नानंतर विकलेलं माझंच पेडल होतं ते. मधल्या कुणीतरी काळा रंग मारला होता आणि मी ओळखलं नाही. रफिकभाई हसून हसून खुर्चीवरून खाली आले. मी रागानं उठलो, तर अण्णा म्हणाले, "बस. परत लाथ घातलीस तर दुसरं आणाय लागंल."

* * *

ह्याच फझनं पूर्वी, मी ऑर्केस्ट्रात असताना, माझी अब्रू घालवली होती.

जुन्या फझची एक खोड असते. तार लांब असली आणि डबी चालू राहिली की ती रेडिओ पकडते. कागलच्या पुढच्या एका गावात दूध संस्थेचे जुने अध्यक्ष वारले होते. शोकसभेला भजनं म्हणायला आमच्या ऑर्केस्ट्राला बोलावलं. भजनं झाली. मग सगळे उभे राहिले, दोन मिनिटं शांतता. माना खाली.

आणि माझ्या स्पीकरमधून एक बाई बोलायला लागल्या. "गुळाची आवक आज कमी राहिली..."

पायानं दाबतोय, दाबतोय, बंद होईना! बटणच अडकलं होतं. वायर उपटायला वाकलो तर पुढच्या रांगेतला एक म्हातारा मान खाली ठेवूनच म्हणाला, "थांब रं, दर सांगतीया."

मला तिथंच गाडून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात अध्यक्षांचा थोरला मुलगा पुढं आला आणि माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "बाबा रोज ह्या टायमाला हेच ऐकत बसायचे."

मग सगळे बाजारभाव संपेपर्यंत ते अख्खं गाव माना खाली घालून उभं राहिलं.

* * *

आता रफिकभाई. तीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे बिघडलेले माग जाग्यावर आणणारा माणूस. पेडलांत त्यांना मोठ्या आवाजाचीच आवडतात. बारीक आवाजाचं काही दिलं की म्हणतात, "हे मेलंय का?"

एका वर्षी अण्णांनी एक नवीनच टुमणं लावलं. "सुभ्या, मिशी काप की रं." मी हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "लई वाढलीया. काप." माझी मिशी झुपकेदार, वरच्या ओठावरून खाली आलेली. लग्नाच्या फोटोत आहे तशीच तोवर ठेवलेली. कोल्हापुरात माणसाला काही म्हणा, मिशीला बोलू नका! आठ महिने ऐकून घेतलं आणि एका रविवारी मी भडकलो. "अण्णा, मिशी माझी, तोंड माझं! तुमचं काय अडलंय?"

अण्णा छान हसले आणि म्हणाले, "चहा घे."

परत जाताना रफिकभाई माझ्या गाडीवर मागं बसले होते, स्टँडपर्यंत. मी अजून तणतणतच होतो. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "अण्णास्नी ऐकू येत न्हाय."

"काय बी काय!"

"तोंडाकडं बघत्यात ते, डोळ्याकडं न्हाय. आमच्या शेडमधी शंभर माग धडधडत्यात, तिथं कान कोण वापरतंय? समदी व्हटावरनंच वळखत्यात. मी बी तसंच बघतोय. मला कवाच कळलंय." मग म्हणाले, "तुझं व्हट मिशीखाली हाईत, सुभाष. तुझं एक अक्षर कळत न्हाय त्यास्नी."

मी गाडी कडेला लावली. आठ महिने मी त्या माणसाशी बोलत होतो, भांडत होतो, कंपनीतली रडगाणी सांगत होतो. त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते नुसते माझ्या मिशीकडं बघून मान हलवत होते. माझी मलाच एवढी लाज वाटली की रफिकभाईंच्याकडं वळून बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिशी सफाचट केली. बायको चहा घेऊन आली ती दारातच थबकली. कप हिंदकळला. "अगं बाई! कोण गेलं?"

कंपनीत तेच. गेटवरच्या वॉचमननं टोपी काढली. आमच्या सुपरवायझरनं पाठीवर हात ठेवून विचारलं, "वय काय होतं?" एकानं तर दहावा कधी तेही विचारून घेतलं. कुणाकुणाला सांगू?

रविवारी अण्णांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "झाक दिसतोयस."

* * *

त्यानंतर एकेक गोष्ट आमच्या ध्यानात यायला लागली. पूर्वी अण्णा पेडल तपासायचे ते डोळे मिटून. गिटारची एकच तार छेडायची, मान तिरकी करायची आणि बिघाड सांगायचा. आता ते डोळे उघडे ठेवून आमच्या तोंडाकडं बघायचे आणि बोटं स्पीकरच्या जाळीवर टेकवून ठेवायचे. आम्हाला वाटलं होतं नवीन पद्धत काढलीय.

मग एका भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर आला. घूं घूं वाजायचा. अण्णांनी दुरुस्त करून दिला, तरी घूं घूं. परत आणला, परत दिला. तिसऱ्यांदा तो माणूस दुकानातच ओरडला, "अण्णा, आवाज हाय तसाच हाय की! ऐकू येत न्हाय व्हय तुम्हास्नी?" अण्णांना काय ओरडला ते कळलं, कारण त्याला मिशी नव्हती.

कोल्हापूर केवढंसं! आठवड्याभरात सगळ्या बँडवाल्यांत झालं. काम बंद पडलं.

अक्कांचा मला फोन आला. त्या मला तम्मा म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. "तम्मा, मालक सकाळी शटर उघडतो, तारा जोडायचं सोल्डर गरम करून ठेवतो आणि बसतो. कोण येत न्हाई. दुपारी बंद करून येतो. जेवण नीट जात न्हाई त्येला."

"कानाचं मशीन लावत न्हाईत व्हय, अक्का?"

"पोरानं आणलंय की चांगलं. दोन दिस लावला आणि ड्रॉवरात टाकला. म्हणतो, सगळा आवाज पेडल लावल्यासारखा येतोय आणि बटण माझ्या पायाखाली न्हाई."

आम्ही तिघं स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो. हात थांबले तर हा माणूस फार दिवस काढणार नाही, हे तिघांनाही दिसत होतं. मीच म्हणालो, "आपल्या तिघांची मिळून साठ-सत्तर पेडलं हाईत. दर ऐतवारी एकेक बिघडल्यालं न्यायचं."

"पर बिघडल्यात कुठं?" पक्या म्हणाला.

"बिघडलंय म्हणायचं रं!"

रफिकभाईंना खोटं बोलायचं जड जातं. "आणि त्यास्नी कळलं तर?"

"ऐकूच येत न्हाय त्यास्नी, कळणार कसं?" हे वाक्य माझं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

* * *

पहिला नंबर पक्याचा लागला. मी त्याला आठवडाभर पढवलं होतं. 'आवाज मधेच तुटतोय' एवढंच म्हणायचं. अण्णांच्या समोर बसल्यावर ह्या गड्याचं सगळं पाठांतर उडालं.

"काय व्हतंय?" अण्णांनी विचारलं.

पक्यानं माझ्याकडं बघितलं, रफिकभाईंच्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "आवाज... पिवळा येतोय."

मी कपाळाला हात लावला. अण्णांनी अगदी गंभीरपणानं मान हलवली.

"पिवळा म्हंजे हळदीवानी का लिंबावानी?"

"हळदीवानी."

"मग टाइम लागंल," अण्णा म्हणाले आणि कामाला बसले.

तासभर सोल्डरचा धूर, टेबलावर वाकलेलं ते टक्कल. मग पेन्सिल, स्क्रू, लाल ठिपका. "आता बघ." पक्यानं सगळ्या तारांवर एकदम हात मारला. भांडी पडल्यासारखा आवाज झाला. "पांढरा झाला, अण्णा!"

अण्णा हसले. दुपारी अक्कांचा फोन, "दोन भाकरी खाल्ल्या आज मालकानं."

दोन वर्षं आम्ही हे केलं. पावसात केलं, आजारपणात केलं. रफिकभाई इचलकरंजीहून दोन बस बदलून चांगलं पेडल घेऊन यायचे आणि जमिनीकडं बघत म्हणायचे, "चालत न्हाय ह्ये."

* * *

हा पुढचा किस्सा मी आजवर कुणालाच सांगितलेला नव्हता. बायकोलाही नाही.

माझं एक निळं इको पेडल आहे. माझं पहिलं. ते खरंच बिघडलं. वाजवलेलं परत ऐकवताना मागं बारीक चर्र असा आवाज यायचा. असला बिघाड डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, तो कानांनीच शोधावा लागतो. अण्णांच्याकडं नेलं असतं तर त्यांनी तास घालवला असता आणि चर्र तसंच राहिलं असतं. मग मी त्यांना काय सांगणार होतो?

मी ते कुरियरनं पुण्याला पाठवलं, एका दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडं. पाठवताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. पंधरा दिवसांनी परत आलं. आवाज स्वच्छ, पहिल्यासारखा! पण मागचा लाल ठिपका गेलेला. साहजिकच होतं, उघडल्याशिवाय दुरुस्त कसं करणार?

लेकीच्या ड्रॉवरमध्ये नेलपॉलिशच्या आठ बाटल्या निघाल्या. त्यातल्या त्यात जवळची लाल निवडली आणि ठिपका दिला. जरासा गुलाबीकडं झुकत होता. एवढं कोण बघतंय?

महिन्याभरानं अण्णा म्हणाले, "सुभ्या, तुझा निळा इको लई दिस बघितला न्हाय. आण की." आता काय करता? नेला.

अण्णांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि चष्मा नाकावर खाली ओढला. अंगठा ठिपक्यावर फिरवला. मी कंपनीत केसाएवढ्या फरकावरून कास्टिंग परत पाठवणारा माणूस, मला तो ठिपका आता गुलाबीच दिसायला लागला. ठिपका तुटलेला असला तर हात न लावणारे अण्णा! आता हे पेडल माझ्या अंगावर फेकणार, असंच वाटलं.

"काय व्हतंय ह्येला?"

"चर्र वाजतंय, अण्णा." ओठ नीट हलवून बोललो.

त्यांनी नखानं ठिपका खरवडला, पत्रा काढला आणि माझ्याकडं पाठ करून बसले. खूप वेळ बसले. त्या दिवशी सोल्डरचा धूर काही आला नाही. नंतर पेन्सिलीची खरखर ऐकू आली. ती मला आली, त्यांना नाही. मग स्क्रू, ठिपका. "झालं. बघ."

मी जोडलं, वाजवलं आणि तोंडभरून हसलो. "झाक झालं, अण्णा! तुमच्यावानी हात न्हाय कुणाचा."

अण्णा माझ्या ओठांकडं बघत राहिले. "चहा घे," म्हणाले.

* * *

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. दुपारी दुकानातच, खुर्चीत. सोल्डर गरम होतं. त्यांच्या समाजात बसवून माती देतात, तशी दिली. रफिकभाई ढसाढसा रडले. मला रडू आलं नाही, नुसता राग येत होता, कुणावर ते कळत नव्हतं.

महिन्यानं अक्कांनी आम्हा तिघांना दुकानात बोलावलं. शटर अर्धंच वर केलं होतं. त्यांनी माझ्या हातात नेलपॉलिशची बाटली दिली, निम्मी उरलेली. "हे तू ने, तम्मा. मला काय करायचं?"

पक्यानं आठवण म्हणून सगळी लाल ठिपक्याची पेडलं पोत्यात भरून आणली होती. रफिकभाईंनी त्यांची, मी माझी. टेबलावर जागा उरली नाही. पक्या हळूच म्हणाला, "उघडायची?"

"न्हाय," रफिकभाई म्हणाले. "अण्णांनी बंद केलंय."

मीही खेकसलो, "खबरदार हात लावलास तर!" मला निळा इको आठवत होता.

"उघडा की," अक्का म्हणाल्या. "बंद करून तो गेला, आता कोण रागवतंय? मला मराठी वाचता येत न्हाई. काय लिवलंय ते मोठ्यानं वाचा, ऐकतो मी."

त्यांच्यापुढं काय बोलणार? पक्यानं पहिलं उघडलं आणि वाचलं.

"बिघाड : नाही. पक्याला आवाज पिवळा दिसतो. डोळे तपासून घ्यावे."

पक्यानं दुसरं उघडलं. "बिघाड : नाही. आज मुसळधार पाऊस. तरी तिघं आले."

रफिकभाईंनी त्यांचं माझ्याकडं सरकवलं, मी उघडून वाचलं. "बिघाड : नाही. रफिक खोटं बोलताना खाली बघतो. मग मला ओठ दिसत नाहीत."

एकामागून एक सगळी उघडली. बिघाड : नाही. बिघाड : नाही. एकात लिहिलं होतं, "भडंग चांगला होता." माझ्या एकात निघालं, "बिघाड : नाही. सुभ्या मिशीशिवाय वाईट दिसतो." अक्का खळखळून हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या.

मी निळा इको मांडीवर घेऊन वर पिशवी टाकली होती. अक्कांनी डोळे पुसले आणि बोट केलं. "ते निळं ऱ्हायलं की."

"ऱ्हाऊ दे, अक्का. त्यात काय न्हाय."

"उघड, तम्मा."

ठिपका खरवडला. चार स्क्रू काढले. पत्रा उलटा करून मनातल्या मनात वाचलं, आणि परत पहिल्यापासून वाचलं.

"मोठ्यानं वाच की," अक्का म्हणाल्या.

पक्या आणि रफिकभाई माझ्याकडं बघत होते. मी वाचलं.

"बिघाड : होता. ज्यानं काढला त्याचा हात चांगला आहे. माझ्यामागं त्याच्याकडंच देत जा. ठिपक्याला बाटली मात्र अक्काकडून ने."